सान लोपेला जाणारी सरळ जीप

सभा चालू असताना कॉफीला उकळी आली, म्हणून पुरिंगबाई उठून आत गेल्या. पातेलं उतरवून बाहेर येईपर्यंत त्या अध्यक्ष झाल्या होत्या.

"कशाची अध्यक्ष?" हातातलं फडकं तसंच धरून त्यांनी विचारलं.

"प्रवासी वाहतूक समितीची. तिन्ही गावांच्या," लुदिविना म्हणाली. "सगळ्यांनी हात वर केले गं. तू असतीस तर तूसुद्धा केला असतास."

हे मात्र खरं होतं. पुरिंगबाईंचा हात जन्मभर दुसऱ्यांसाठी चटकन वर होत आलेला.

झालं होतं असं, की नवा महामार्ग गावाबाहेरून गेला, आणि मनिलाची बस जी आमच्या बालिंगायच्या चर्चसमोर थांबायची ती बाहेरच्या बाहेर पळू लागली. गाव ओरडलं. मग प्रांताच्या कचेरीतून निरोप आला: बालिंगाय, तुबोग आणि सान लोपे या तीन गावांनी एकत्र बसावं, आपापसांत एकमत करून जीपचा मार्ग ठरवावा, त्या मार्गावर नव्या जीपना परवाने मिळतील. वरून काही लादणार नाही, तुमचं तुम्हीच ठरवा. सरकार जेव्हा 'तुमचं तुम्हीच ठरवा' म्हणतं तेव्हा त्यालाही काही सुचत नसतं, हे आम्हां म्हाताऱ्यांना कळतं. पण त्या दिवशी सभेत टाळ्या पडल्या.

पुरिंगबाईंनी अध्यक्षपद नाकारलं नाही, याचं कारण त्यांचा मुलगा अर्नेल. बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. औषधाचे थेंब आणि तपासणी यांसाठी त्यांना सान लोपेच्या इस्पितळात जावं लागे. जायचं म्हणजे आधी तीनचाकीनं पुलापर्यंत, तिथून तुबोगची जीप, आणि ती जीप भरल्याशिवाय हलत नसे. शेवटचं गिऱ्हाईक येईपर्यंत पहिल्या गिऱ्हाइकाची दाढी वाढायची. तुबोगला उतरून आणखी एक जीप. बाई पोचेपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर जेवायला गेलेले असत, आणि ते डॉक्टर जेवायला गेले की परत न येणाऱ्यांपैकी होते.

अर्नेलनं मनिलाहून फोनवर आईला स्वच्छ सांगितलं होतं, "नानाय, सर्व संतांच्या सणाला मी बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येतोय. तोवर इस्पितळापर्यंत सरळ गाडी झाली तर ठीक. नाहीतर ट्रक घेऊनच येतो. तू आणि तुझं कपाट, दोघंही मनिलाला."

मनिलाचा फ्लॅट बाईंनी पाहिला होता. उंच होता, स्वच्छ होता. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीला त्यांनी "जेवलीस का?" असं विचारलं, तर तिनं पर्स छातीशी घट्ट धरली. त्यानंतरचा मुक्काम बाईंनी खिडकीत बसून काढला, आणि घरी आल्यावर बालिंगायच्या भटक्या कुत्र्यालाही त्यांनी आधी जेवलास का म्हणून विचारलं. तेव्हा ही जीप सरळ धावणं बाईंना गरजेचं होतं. नव्हे, जीप वाकडी गेली तर बाई मनिलाला जाणार होत्या, एवढा साधा हिशेब होता.

आणि सरळ रेषेच्या बाबतीत पुरिंगबाईंचा आत्मविश्वास दांडगा. शाळेत त्यांनी भूगोल शिकवलेला. त्यांनी जुना नकाशा काढला, पट्टी ठेवली, आणि बालिंगायच्या चर्चपासून तुबोगच्या पुलावरून सान लोपेच्या इस्पितळापर्यंत लाल पेन्सिलीनं एक रेघ मारली. इतकी देखणी रेघ की त्यांनी ती भिंतीवर सांतो निन्योच्या, म्हणजे बाळयेशूच्या, तसबिरीशेजारी टांगली, आणि दिवसभर जाता-येता, नक्की कोणाला ते न ठरवता, हात जोडले.

पण बाईंच्या नकाशात एक गोष्ट नव्हती. गावात कोणाकडे मूल झालं की बाप्तिस्म्याला निनांग, म्हणजे धर्ममाता, म्हणून बोलावणं यायचं ते पुरिंगबाईंना. लग्नातही वधूवरांच्या मागे निनांग म्हणून उभ्या त्याच. शाळेतली बाई, चांगल्या चालीची, शिवाय रडक्या पोराला गप्प करण्यात पटाईत. त्यामुळे निम्मं गाव त्यांची धर्मलेकरं आणि त्या लेकरांचे आईबाप त्यांचे कुमपारे नि कुमारे. हे नातं विहिणीपेक्षा चिवट. विहिणीशी निदान भांडता तरी येतं. कुमारेला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे माणूस भूकंपाला एकवेळ नाही म्हणेल.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लुदिविना केळीच्या पानात गरम बिबिंका, तांदळाचा गोड केक, घेऊन आली. तिच्या धाकट्याच्या निनांग पुरिंगबाई.

"रेघ छान आली आहे हो, कुमारे," नकाशाकडे बघत ती म्हणाली. "फक्त इथं, कोपऱ्यावरून जरा आत घे. माझ्या दुकानापर्यंत. जरासं वळण. नदी नाही का वळत?"

'नदीला इस्पितळात जायचं नसतं,' हे उत्तर बाईंना सुचलं, पण तोंडात बिबिंका होती. आणि तोंडातला घास गिळून होईपर्यंत लुदिविना आभार मानून गेलीसुद्धा. पुढं बाईंनी एक नियम केला, की मार्गाबद्दल बोलायला येणाऱ्याचं काही खायचं नाही. तो नियम हेर्मोहेनेसनं कसाव्याचा केक आणला तेव्हा मोडला.

कुमपारे हेर्मोहेनेसचा कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा होता. "माझं म्हणणं रविवारपुरतं आहे, बाई," तो अगदी गहिवरून म्हणाला. "जिंकलेला माणूस कसाही घरी जातो. पण हरलेला माणूस, मेलेला कोंबडा पायाला धरून, गावातून चालत जातो तेव्हा किती वाईट दिसतं! तुम्ही निनांग आहात माझ्या नेनाच्या. विचार करा."

बाईंनी विचार केला. विचार करणं हाच त्यांचा घात होता. मग पाद्री आले, त्यांचं टेकडीवरचं चॅपेल होतं आणि चढावर म्हाताऱ्यांना दम लागत होता. पाद्र्यांना नाही म्हणायचं तर पापाची कबुली द्यायला पुन्हा त्यांच्याकडेच जायचं, म्हणजे दुप्पट काम.

शेजारीण बास्या मात्र निःस्वार्थी. तिला स्वतःसाठी काही नको होतं. "मी म्हणते, बाई, जीप तुमच्या दारावरून का जात नाही?"

"छे छे! लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणते मी. अध्यक्षांच्या दारावरून जीप जात नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? की अध्यक्षांना कोणी विचारत नाही!"

पुरिंगबाईंनी सबंध दुपार या मोहाला विरोध केला. संध्याकाळी त्यांनी वळण काढलं. पुढं रात्रीचं जेवण जड गेलं, पण ते बहुधा कसाव्यामुळे.

आणि त्यांची गल्ली अरुंद. तीत शिरलेली जीप आली तशी परत फिरू शकत नव्हती. त्यामुळे नकाशावरची जीप लुदिविनाच्या दुकानाला जाताना बाईंच्या दारावरून जाई, चॅपेलवरून उतरताना पुन्हा दारावरून येई, आणि आखाड्याकडून परतताना आणखी एकदा. बाईंना हे नकाशावर दिसत होतं. पण त्यांनी ते 'सोय' या सदरात घातलं.

हे फक्त बालिंगायचं झालं. तिन्ही गावांची संयुक्त सभा तुबोगला झाली. तिथं पान्सितच्या शेवयांचं एवढं मोठं ताट होतं, की विषयपत्रिका त्याखाली झाकली गेली. तुबोगचे कापितान, म्हणजे सरपंच, सिल्वेस्त्रे यांना जीप नव्या बाजारावरून हवी होती.

"पण तिथं तर मोकळं शेत आहे," बाई म्हणाल्या.

"बाजार होणार आहे ना."

"कधी?"

"जीप आली की."

सान लोपेच्या प्रतिनिधी एस्तेलिता विल्यारूस. पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही माणसाकडे असं बघायच्या की त्याचं वजन जास्त भरलंय आणि तिकीट कमी लावलंय. "बालिंगायला एवढी वळणं आणि आमच्या गावाला एकच?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावाला धर्मलेकरं नाहीत का?"

अशा वेळी 'नाही' म्हणायची पद्धत आमच्या मुलखात नाही. 'बघू या' हा इथला सर्वांत उद्धट शब्द, आणि तोही कोणी उच्चारला नाही. बालिंगायनं तुबोगची वळणं मान्य केली, तुबोगनं सान लोपेची, सान लोपेनं सगळ्यांची. प्रत्येक वळणाला टाळ्या. सहकार्य इतकं झालं की शेवटी नकाशावरची लाल रेघ आणि ताटातल्या उरलेल्या शेवया यांत फरक एवढाच राहिला, की शेवयांना कोळंबी लागली होती.

हा नकाशा घेऊन बाई प्रांताच्या कचेरीत गेल्या. पहिल्या खिडकीनं तीन प्रती मागितल्या. दुसऱ्या खिडकीनं विचारलं, तीन प्रती कशाला आणल्यात? तिसरी खिडकी बंद होती, पण आतून टाइपराइटर वाजत होता. अखेर त्यांना नियोजन अधिकाऱ्याच्या खोलीत पाठवण्यात आलं. तरुण अधिकाऱ्यानं मान वर न करता नकाशा पसरला आणि बोट ठेवून मार्गानं नेऊ लागला. बोट फिरलं, फिरलं, आणि थांबलं.

"बाई, ही जीप जिथून निघाली तिथंच परत येते आहे."

बाईंच्या मनात आशेचा किरण चमकला. हा अनोळखी माणूस होता. त्याला यातलं कोणी काही लागत नव्हतं. तो आता नाही म्हणेल, नकाशा फाडून टाकेल, आणि बाई गावात येऊन म्हणतील, मी काय करू, कचेरीनं ऐकलं नाही! देवा, याला नाही म्हणू दे.

अधिकाऱ्यानं मान वर केली. चष्मा काढला. "निनांग? तुम्ही?"

तो कोर्नेल्यो निघाला. त्याच्या लग्नात वधूवरांच्या मागे मेणबत्ती धरून उभ्या होत्या त्या पुरिंगबाईच.

"कोर्नेल्यो, बाळा, नीट बघ हं. चूक असेल तर सांग. अगदी स्पष्ट सांग."

"चूक कसली, निनांग!" कपाळावरचा घाम पुसत कोर्नेल्यो म्हणाला, आणि डोळे मिटून त्यानं शिक्का मारला. मग त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीनं एवढंच केलं, की एक अट घातली. सणाआधी समितीनं स्वतः जीपमध्ये बसून मार्गाची चाचणी घ्यावी.

चाचणीच्या आदल्या दिवशी अर्नेल आला. ट्रक घेऊन. ट्रक निळा होता, त्यात दोऱ्या होत्या, कपाट गुंडाळायला जुनी चादरसुद्धा होती. बाईंच्या फाटकासमोर तो उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर पुढच्या सीटवर पाय वर करून झोपला.

"मीही येतो उद्या जीपमधून," अर्नेल म्हणाला. "इस्पितळापर्यंत."

"ये की. बसल्या बसल्या पोचशील," बाई म्हणाल्या.

सकाळी पाद्र्यांनी जीपवर पाणी शिंपडलं. ड्रायव्हरच्या डोळ्यांत ते गेलं, हा अपशकुन समजायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली. मग जीप निघाली. चर्चपासून बाईंची गल्ली, झोपलेला ट्रक, लुदिविनाचं दुकान. दुकानासमोर लुदिविनानं सगळ्यांना उतरवून सरबत पाजलं, कारण पहिलीच खेप होती. मग टेकडी. चढावर जीप दमली आणि म्हाताऱ्यांना उतरून ढकलावी लागली. चॅपेलमध्ये एक प्रार्थना. उतारावरून पुन्हा बाईंची गल्ली. ट्रकचा ड्रायव्हर आता उठून बसला होता, त्यानं ओळखीचा हात केला. मग आखाडा. तिथं हेर्मोहेनेसचा एक कोंबडा जीपमध्ये चढला आणि अर्नेलच्या मांडीवर बसला. पुन्हा गल्ली.

"नानाय," अर्नेल शांतपणे म्हणाला, "हा ट्रक आपल्या मागे लागलाय का?"

जीपमध्ये कोणी हसलं नाही. सगळे एकदम बाहेरचा देखावा बघू लागले. पण बाहेर बाईंच्या अंगणातले वाळत घातलेले कपडे होते, आणि त्यांत बाईंचे असेही काही कपडे होते, जे त्या दिवशी सबंध समितीनं तीन वेळा पाहिले.

तुबोगच्या होणाऱ्या बाजारात जीप चिखलात रुतली. कापितान सिल्वेस्त्रेंनी तिथल्या तिथं मासळीची रांग कुठं आणि भाजीची कुठं ते दाखवलं, आणि मग सगळ्यांनी मासळीच्या रांगेत उभं राहून जीप ढकलली. सान लोपेत एस्तेलिताबाईंनी आपली वळणं एकही न गाळता घ्यायला लावली. इस्पितळ दोनदा लांबून दिसलं आणि दोनदा मागे पडलं. शेवटी जीप फाटकाशी पोचली तेव्हा पहारेकरी कडी घालत होता.

"आता सुट्टी," तो म्हणाला. "सण झाल्यावर या. आज लवकर निघायचं ना, आजी!"

अर्नेल एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बाईंनी उलट उत्तर दिलं असतं, वाद झाला असता, आणि वादात त्या कधी हरत नसत. घरी आल्यावर त्यानं फक्त कपाटाची दारं उघडली आणि वरच्या कप्प्यातल्या चादरी खाली काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सण. त्या दिवशी सगळं गाव स्मशानात असतं. जेवणाचे डबे, चटया, मेणबत्त्या, पत्त्यांचा डाव, सगळं घेऊन माणसं आपापल्या मेलेल्यांपाशी दिवस काढतात. बालिंगायचं स्मशान सगळ्यांत जुनं, त्यामुळे तुबोगचे नि सान लोपेचेही निम्मे पूर्वज आमच्याकडेच पुरलेले. म्हणजे न बोलावता संयुक्त सभाच भरलेली.

पुरिंगबाई नवऱ्याच्या, तेओदुलोच्या, थडग्यापाशी बसल्या होत्या. मनिलाला गेल्यावर इथं वर्षातून एकदा यायचं, बसनं, पाहुणीसारखं. इथलं गवत कोण उपटणार? बास्या उपटील, पण ती मुळापासून उपटत नाही. बाईंनी सभोवार पाहिलं. पलीकडे लुदिविना सासूच्या थडग्यावर डबा उघडत होती. हिला नाही कसं म्हणायचं? हेर्मोहेनेसला कसं म्हणायचं? या स्मशानात ज्याला त्या बेधडक नाही म्हणू शकत होत्या असं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्याच चपला घालून बसलं होतं.

त्या उठल्या आणि थडग्याच्या पायरीवर चढल्या. तेओदुलोनं हरकत घेतली नाही.

"ऐका!" वर्गातला आवाज होता तो, पत्त्यांचा डाव थांबला. "माझ्या दारावरून जीप जाणार नाही. ते वळण मी काढलंय. मी चौकापर्यंत चालत जाईन."

"अगं बाई!" बास्या किंचाळली. "आणि मी?"

"तुला काही नको होतं ना?"

लुदिविनानं डब्याचं झाकण लावलं. "मग मी काय हपापलेली आहे?" ती म्हणाली. "अध्यक्ष चालणार आणि मी दारात जीप घेणार? माझ्या सासूसमोर मला असं पाडू नकोस. माझं दुकान काढ."

"हरलेल्या माणसानं चालावंच," हेर्मोहेनेस उभा राहिला. "चालता चालता बायकोला काय सांगायचं ते सुचतं. आखाडा काढा."

पाद्र्यांनी चॅपेल सोडलं. कापितान सिल्वेस्त्रेंनी बाजार सोडला, नाहीतरी तो अजून सोडता येण्याजोगाच होता. तशी दोन ओळी पलीकडून एस्तेलिताबाई कडाडल्या, "आमची दोन वळणं काढा! आमची सगळी काढा! सान लोपे कोणाच्या मागे राहणार नाही!"

मग जे सुरू झालं ते आवरेना. ज्या माणसांनी घेताना मागेपुढे पाहिलं नाही ती देताना कशाला पाहतील? कोणी पुलाजवळचा थांबा सोडला, कोणी शाळेचा सोडला. त्याग करून लोकांचे चेहरे उजळले. पाद्र्यांना स्फुरण चढून त्यांनी चर्चचाही थांबा देऊन टाकला, आता जीप निघणार कुठून ते कळेना. आणि सान लोपेचे एक वृद्ध गृहस्थ हात वर करून म्हणाले, "आमचं इस्पितळही घ्या!"

"नाही!" पुरिंगबाई ओरडल्या. "इस्पितळ काढायचं नाही! अजिबात नाही!"

स्मशान गार पडलं. पुरिंगबाईंच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता, तेओदुलोनंसुद्धा. पण आभाळ कोसळलं नाही. उलट ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बरं, राहू दे मग," आणि त्यांनी कोंबडीची तंगडी उचलली. एवढं सोपं होतं म्हणजे! बाईंना आयुष्यभराच्या बिबिंका आठवल्या.

आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावत बसलेल्या कोर्नेल्योला बाईंनी गाठलं. रेघ पुन्हा सरळ झाल्याचं ऐकून त्यानं त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला आणि बराच वेळ सोडला नाही. कचेरी उघडल्याबरोबर शिक्का मारतो म्हणाला. "आणि या वेळी डोळे उघडे ठेवून, निनांग."

अर्नेल हे सगळं भात खाता खाता बघत होता. "रजा वाढवतो," तो म्हणाला. "पहिली जीप बघतो. मग ठरवतो कपाटाचं."

पहिली जीप निघायची त्या सकाळी पुरिंगबाई चौकात आल्या. चौक माणसांनी भरला होता. कोणाच्याच दारावरून जीप जात नसल्यामुळे ज्याला त्याला इथंच यावं लागत होतं. कैक दिवसांत न भेटलेल्या बायका भेटल्या. लुदिविना तिच्या जावेच्या भावानं घर विकल्याची हकीकत सांगत होती, आणि त्यात अशा काही गोष्टी होत्या की हेर्मोहेनेसही पत्ते खिशात ठेवून जवळ आला. पाठीमागं ट्रकशेजारी अर्नेल उभा होता.

जीप आली. थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, वाट पाहिली, आणखी एकदा वाजवला, आणि चार शाळकरी पोरं घेऊन जीप सरळ, अगदी पट्टीनं मारल्यासारखी सरळ, सान लोपेला निघून गेली.

"नानाय!" अर्नेल धावत आला. "अगं, जिच्यासाठी एवढं केलंस ती जीप तुझ्या डोळ्यांदेखत गेली!"

"डोळेच तर दाखवायला निघालेय," पुरिंगबाई म्हणाल्या. "तू जरा थांब, हिची भानगड पुरी होऊ दे. बरं, मग तो भाऊ काय म्हणाला?"

अर्नेल आईकडे बघत राहिला. मग त्या सगळ्या घोळक्याकडे. मग तो हसायला लागला, इतका की त्याला ट्रकच्या चाकाला टेकून उभं राहावं लागलं. "चल," त्यानं ट्रकवाल्याला सांगितलं, "रिकामाच जायचाय."

दुसरी जीप लगेच मागून आली. या वेळी चौघींनी पुरिंगबाईंना दंडाला धरून आत ढकललं. आणि हकीकत अजून अर्धीच झाली होती म्हणून लुदिविनाही चढली. तिला सान लोपेत काही काम नव्हतं.